गुलछडीचं डावं शिंग

"दूध जरा गरम करून मिळेल का?" केतकीनं विचारलं.

म्हशीखाली बसलेल्या माणसानं धार थांबवली नाही. मान तेवढी वळवून म्हणाला, "म्हशीनंच गरम करून दिलंय की, ताई. ग्लासाला हात लावून बघा."

सगळा कट्टा हसला. केतकीही हसली, कारण ग्लास खरंच कोमट होता. कोल्हापुरात काही ठरलेल्या चौकांत, म्हणजे दूधकट्ट्यांवर, गवळी संध्याकाळी आपल्या म्हशी आणून उभ्या करतात. गिऱ्हाईक समोर उभं राहतं, धार थेट ग्लासात पडते आणि वर चार बोटं फेस आला की ग्लास हातात येतो. ताराबाई पार्कातल्या बंगल्यात वाढलेल्या केतकीनं हे नुसतं ऐकलेलं होतं. इम्तियाज मात्र बिंदू चौकाजवळचा, त्याला यात नवल नव्हतं. तो रस्त्यावर गुडघे टेकून म्हशीचे, माणसाचे, फेसाचे फोटो काढत सुटला होता.

मी दोघांच्या मागं विजेच्या खांबाला चिकटून उभी होते. जमलं असतं तर खांबाच्या आत शिरले असते.

धार काढता काढता त्या माणसाची चौकशी चालली होती. केतकीनं त्याला सांगितलं की आम्ही डिझाइन कॉलेजची तिसऱ्या वर्षाची मुलं, शहरातल्या वस्त्यांवर एक अंक काढतोय, त्याचं नावच 'गल्ली', आणि त्यातली आठ पानं गवळी गल्लीसाठी ठेवली आहेत. शिवाय अंक निघणार तोही दिवाळीच्या पाडव्याला, गवळी गल्लीतच. त्याला हे पसंत पडलेलं दिसलं. मग प्रत्येकाच्या हातात ग्लास देताना तो ज्याला त्याला त्याची गल्ली विचारायला लागला. केतकीचं ऐकून म्हणाला, तुमच्याकडं गल्ली नसतीया, रोड असतोय. इम्तियाजच्या आजोबांना तो नावानं ओळखत होता. शेवटी त्यानं माझ्याकडं पाहिलं.

"आणि ह्या ताई? तुमी कुठल्या गल्लीच्या?"

"राजारामपुरी," मी म्हणाले. "आठवी गल्ली."

"लांबनं आलाय," तो म्हणाला आणि माझा ग्लास भरायला घेतला.

तेवढ्यात म्हशीनं मान लांबवली आणि माझी ओढणी चाटायला सुरुवात केली. मी मागं सरले तर ती दावं ताणून पुढं आली. केतकी म्हणाली, अगं, तुला ओळखते वाटतं ही.

"घामाचं मीठ चाटत्यात म्हशी," तो माणूस शांतपणे म्हणाला. "वळख कसली?"

मी दूध प्यायले, इतरांसारखेच पैसे दिले, आणि त्यानं ते इतरांसारखेच खिशात टाकले. म्हशीचं नाव गुलछडी होतं. तिचं रेडकू मी बाटलीनं पाजलं होतं. आणि त्या माणसाचं नाव शिवलिंग गवळी. तो माझा बाप होता.

आता इतक्या वर्षांनी मी हे सांगते आहे तर माझी बाजूही थोडी सांगायला हवी, ती फार मोठी नाही. पहिल्या वर्षी कॉलेजच्या दुसऱ्याच आठवड्यात मी सकाळच्या धारा उरकून तशीच वर्गात गेले होते. शेजारच्या बाकावरच्या मुलीनं नाक मुरडलं, "शेणाचा वास कुठून येतोय गं?" म्हणाली आणि खिडकी उघडली. ती केतकी. तिनं माझ्याकडं बघूनसुद्धा म्हटलं नव्हतं. पण मी दुसऱ्या दिवसापासून पहाटे राजारामपुरीत मावशीकडं जायला लागले. तिथं आंघोळ करायची, कपडे बदलायचे आणि तिथूनच कॉलेज. पत्ताही मावशीचाच लावला. गवळी आडनावाची माणसं गावभर असतात, त्यावरून कुणाला संशय आला नाही. घरी मी कोल्हापूरच्या बायकांसारखी "मी जातो, मी येतो" म्हणायची, ते कॉलेजात जिभेला चिमटा काढून "मी जाते, मी येते" केलं. अक्षरलेखनात मी वर्गात पहिली येत होते. देशिंगकर सरांनी दोनदा विचारलं, हे वळण कुणाकडून उचललंस? मी म्हटलं, कुणाकडून नाही, आपोआप.

आपोआप कसलं! पाडव्याला आमच्या गल्लीत म्हशी सजवतात. महिनाभर आधीपासून त्यांचे केस वाढू देतात आणि मग वस्तऱ्यानं भादरून अंगावर नाव, नक्षी, वेलबुट्टी कोरतात. निम्म्या गल्लीच्या म्हशींवर अक्षरं अण्णांची, म्हणजे माझ्या बापाची, असायची. मी सहा वर्षांची असल्यापासून त्यांच्याशेजारी साबणाच्या फेसाचा वाडगा धरून बसत होते. 'क'ची गाठ कुठं जाड होते, हे मी म्हशीच्या फऱ्यावर शिकले.

त्या संध्याकाळी मी भीत भीत घरी गेले. आईला काही माहीत नव्हतं. अण्णा जेवायला बसले, ठेचा मागून घेतला आणि मला एवढंच विचारलं की, त्या बंगल्यातल्या पोरीला दूध आवडलं का. मी हो म्हटलं. मग ते उठून गोठ्यात गेले. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुढचे पंधरा दिवस मी स्वतःला कॉम्प्युटरच्या कामात गाडून घेतलं. केतकी संपादक होती, फोटो इम्तियाजचे, पानांची मांडणी आणि मथळ्यांची अक्षरं माझ्याकडं. गवळी गल्लीच्या पहिल्या जोडपानात डाव्या बाजूला पूर्ण पानभर फोटो होता. अण्णा धार काढताहेत, गुलछडीची मान पुढं, ग्लासात फेस, आणि खाली माझ्या अक्षरात त्यांचं नाव. फोटो उत्तमच होता. पण त्यात गुलछडी डावीकडं बघत होती, म्हणजे अंकाच्या बाहेर. चेहरा नेहमी पानाच्या आत बघायला हवा, नाहीतर वाचकाचं लक्षही बाहेर जातं, हा सरांचा पहिल्या वर्षापासूनचा धडा. मी एक बटण दाबलं आणि फोटो उलटा केला. आता गुलछडी आत बघायला लागली. नियम पाळला, काम झालं. त्या फोटोकडं जितकं कमी बघता येईल तितकं कमी मी बघितलं होतं.

पाडवा सहा दिवसांवर आला, तेव्हा छापखान्यातून तपासायला कच्ची छापील पानं आली. इम्तियाजची एक चांगली सवय होती. ज्याचा फोटो काढला, त्याला छापण्याआधी दाखवल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. मला म्हणाला, चल, त्या गवळीकाकांना दाखवून येऊ. मी सतरा कारणं सांगितली. तो ऐकेना, आणि जास्त नाही म्हटलं तर त्याला संशय आला असता. गेले.

अण्णांनी हात धोतराला पुसले, पान दोन्ही हातांनी धरलं आणि बराच वेळ पाहिलं. शेजारचे दोन-तीन गवळीही डोकावले, पण अण्णांसारखीच त्यांनीही मला ओळख दिली नाही. त्यातला एक फिसकन हसला आणि तोंड फिरवून बाजूला गेला.

"फोटू लई झ्याक हाय," अण्णा इम्तियाजला म्हणाले. "पर ह्यो मी न्हवं."

इम्तियाजला वाटलं ते गंमत करताहेत. तेव्हा अण्णांनी त्याला गुलछडीपाशी नेऊन दाखवलं. हिचं डावं शिंग खाली वळलंय, फोटोत उजवं वळलंय. आम्ही कायम म्हशीच्या डाव्या अंगाला बसतो, ती त्याच बाजूच्या हाताला सरावलेली असते. उजव्या अंगाला बसलो तर लाथ घालून माणूस पंचगंगेत टाकेल. हे सगळं ते न रागावता, समजावून सांगत होते. चाळीस वर्षं धारा काढणारा माणूस चुकीच्या बाजूला बसलाय, हे उद्या पाचशे अंकांत सगळी गल्ली बघणार होती. पाडव्याला, सगळ्यांच्या समोर. अण्णांना स्वतःला नावं ठेवली तर चालेल, पण धारेला नावं ठेवलेली चालणार नाहीत, हे मला माहीत होतं.

"ज्यानं कुनी हे केलंय," अण्णा पान परत देत म्हणाले, "त्याला म्हशीची वळख न्हाई."

माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही. रेडकाला बाटलीनं पाजणारी मी, आणि मलाच शिंग दिसलं नव्हतं. राजारामपुरी म्हटलं तेव्हा मी नुसतं खोटं बोलले होते. ते आता खरं व्हायला लागलं होतं.

आम्ही तिथून तडक छापखान्यात गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी छपाई सुरू होणार होती, प्लेटा तयार होत्या, सर आणि केतकी शेवटची तपासणी करत बसले होते. मी म्हटलं, गवळी गल्लीचा फोटो सुलटा करायचा आहे, पान बदलायचंय. केतकीच्या कपाळाला आठ्या पडल्या. तिचंही बरोबर होतं. ती तीन दिवस नीट झोपली नव्हती.

"शिंग डावं की उजवं, कोण बघणार आहे?" ती म्हणाली.

"गल्ली बघेल."

"तुला कुणी सांगितलं?"

इथं पळवाट होती. इम्तियाज शेजारीच उभा होता, आणि सांगितलं तर त्यालाच होतं. त्यानं बोलायला तोंडही उघडलं. त्याला बोलू दिलं असतं तर कदाचित पान बदललं असतं आणि मी राजारामपुरीचीच राहिले असते. मी त्याच्या दंडाला हात लावून त्याला थांबवलं.

"मी सांगतो," मी म्हणाले. घरची भाषा तोंडात आली ती आलीच. "ती म्हस आमची हाय. तिच्याखाली बसलाय तो माझा बाप. आणि फोटो मीच उलटा केलाय."

मागं यंत्र कुणाच्यातरी लग्नपत्रिका छापत होतं. इम्तियाजनं कपाळाला हात लावला. केतकीनं हातातली पानं खाली ठेवली.

"म्हणजे त्या दिवशी तू स्वतःच्या वडिलांकडून दूध विकत घेतलंस?"

"हो."

"आम्हाला सांगितलं का नाहीस?"

मी तिला खिडकीचं सांगितलं. तिला ते आठवतच नव्हतं. तिनं आठवायचा खूप प्रयत्न केला आणि आठवत नाही म्हणूनच तिचा चेहरा उतरत गेला. अडीच वर्षं मी जे उराशी धरून बसले होते, ते ती दुसऱ्या मिनिटाला विसरूनही गेली होती. मला एकदम हसू आलं. तिला वाटलं मी रडतेय, म्हणून तीच रडायला लागली. सरांनी दोघींना पाणी दिलं आणि समोरचा कागद ओढून जोडपान नव्यानं आखलं. फोटो उजव्या पानावर, मजकूर डाव्या पानावर. गुलछडी डावीकडं बघत होती, म्हणजे आता बरोबर आत बघत होती. नियमही राहिला आणि म्हैसही. पाच मिनिटांचं काम होतं.

"आता मला सांग," सर पेन्सिल खाली ठेवून म्हणाले, "तुझ्या अक्षराचं वळण कुणाचं?"

मी अण्णांचं, वस्तऱ्याचं, फेसाच्या वाडग्याचं सगळं सांगितलं. सर उठून उभे राहिले. अंकाचं मुखपृष्ठ त्यांना पहिल्यापासून पसंत नव्हतं, तलावावरचा सूर्यास्त होता आमचा. त्यांनी छापखान्याच्या मालकाकडून दोन दिवसांची मुदत मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी मावशीकडं गेले नाही. गोठ्यात गेले. अण्णा धारेला बसले होते.

"अण्णा, तो फोटो मी उलटा केला होता."

"ठावं हाय."

"कसं?"

"खाली नाव कुनी लिवलंय ते दिसंना व्हय मला? माझ्याच हाताचं वळान त्ये."

म्हणजे कट्ट्यावर ते वाक्य बोलताना त्यांना पुरतं माहीत होतं की हे मलाच ऐकवतोय. मी तिथंच गव्हाणीवर बसले. त्या दिवशी मला लाज वाटली म्हणून मी तसं बोलले, हे एकदाचं तोंडानं सांगून टाकलं. अण्णांनी धार थांबवली. ते कधी थांबवत नाहीत.

"माजी लाज, का म्हशीची?"

"वासाची."

त्यांनी स्वतःचा दंड नाकाशी नेऊन हुंगला. बराच वेळ विचार केल्यासारखं केलं.

"वास तर हाय," ते म्हणाले.

आम्ही दोघं हसलो, इतकं की आई चुलीपुढून उठून बघायला आली.

सकाळी सर, केतकी आणि इम्तियाज घरी आले. सरांनी 'गल्ली' ही अक्षरं मोजूनमापून कागदावर काढून आणली होती. अण्णांनी कागद आदरानं घेतला, गुलछडीच्या कुशीवर धरून पाहिला आणि परत दिला. म्हणाले, सर, हे कागदावर सरळ हाय, म्हशीचं पोट गोल असतंय. खालचा भाग जरा लांबवला नाही तर लांबून बुटका दिसंल. सरांनी वही काढून ते लिहून घेतलं. आमच्या कॉलेजात सरांना असं कुणी काही सांगितलेलं मी पाहिलं नव्हतं. केतकीनं दावं धरलं आणि तिच्या पांढऱ्या सलवारीवर शेपटीचा एक फटकारा बसला. ती हलली नाही. फेसाचा वाडगा मी धरला. दीड तासात गुलछडीच्या डाव्या कुशीवर, दाट काळ्या केसांत भादरलेलं, ठसठशीत 'गल्ली' उमटलं. शेवटी अण्णांनी वस्तरा पुसला आणि इम्तियाजला म्हणाले, "काढ फोटू. आता उलटा करून दाव."

खरंच, आता ती म्हैस कुणाला उलटी करता येणार नव्हती. तेच मुखपृष्ठ झालं.

पाडव्याला दुपारपासून गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. म्हशींची शिंगं रंगवलेली, गळ्यात कवड्यांच्या माळा, कपाळावर मोरपिसांचे तुरे. पोरं मोटारसायकली ताणत पुढं निघत आणि म्हशी आपापल्या धन्यामागं घुंगरं वाजवत धावत. त्या सगळ्या गोंधळात आम्ही एका टेबलावर अंक मांडले. गवळी जमले आणि त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर फोटोतली एकेक म्हैस तपासली. ही अमक्याची, ही तमक्याची, हिचा कान बघा. शेवटी त्या दिवशी फिसकन हसलेला गवळी अण्णांच्या पानावर आला. त्यानं शिंग पाहिलं, बैठक पाहिली आणि अंक डोक्यावर धरून सगळ्या गल्लीला दाखवत फिरला. संध्याकाळपर्यंत टेबल रिकामं झालं. सरांना स्वतःची प्रत मिळाली नाही.

मिरवणूक संपल्यावर अण्णांनी गुलछडीला कट्ट्यावर आणून उभं केलं. आज दूध सगळ्यांना फुकट, म्हणाले. कॉलेजचा सगळा वर्ग, सर, केतकीचे आईवडील, गल्लीतली माणसं, अशी लांब रांग लागली. मी नवा रेशमी कुडता घातला होता, मीही रांगेत उभी राहिले. अण्णा ग्लास भरत होते आणि त्यांच्या सवयीनं ज्याला त्याला त्याची गल्ली विचारत होते. माझी पाळी आली. त्यांनी मान वर केली. चेहरा त्या दिवशीसारखाच, अनोळखी.

"आणि ह्या ताई? तुमी कुठल्या गल्लीच्या?"

केतकीनं माझा हात धरला होता, तो तिनं सोडला.

"गवळी गल्लीची," मी म्हणाले, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "शिवलिंग गवळ्याची लेक. गिरिजा."

अण्णांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. कुडता पाहिला, त्यावरची जर पाहिली. मग ते गुडघ्यांवर हात टेकून उठले आणि भरलेला ग्लास मागच्या माणसाच्या हातात दिला.

"मग रांगंत काय उभी ऱ्हायलीयास?" ते म्हणाले. "एवढी मानसं खोळंबल्यात. बस धारंला."

मी ओढणी कमरेला खोचली आणि गुलछडीच्या डाव्या अंगाला जाऊन बसले.